सहावा सेल

वसंता, तुझ्या तिरडीला खांदा दिला तेव्हा मला रडू आलं नाही. मला तुझ्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. डाव्या हाताच्या गाडीवाटेनं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर आला आणि तुला दिसला नाही! मान वळवायला काय झालतं रे? चार वर्षं मी कानीकपाळी ओरडलो, तुझा डावा डोळा नाही, स्कूटरवर मान फिरवून बघत जा, सावकाश जा. तू म्हणायचास, "गप रं दत्त्या, मला आवाजावरनं कळतंय." सांब्र्याच्या रस्त्यावर तुला उसाखालनं उपसून काढला तेव्हा मी तिथं होतो. तुझं डोकं मांडीवर घेतलं, तर माझी पँट रक्तानं चिकट झाली आणि मी तुला आईवरनं शिव्या देत बसलो. लोकांना वाटलं, माझं डोकं फिरलं.

त्याला दहा दिवस झाले. आज सकाळी आम्ही नदीवर जाऊन आलो. तिथं काय झालं ते शेवटी सांगतो. सगळं क्रमानं सांगणार आहे, कारण जन्मात तू मला एक गोष्ट पुरी करू दिली नाहीस, मध्येच तोंड घालायचास. आता ऐकावंच लागेल. तुझ्या डाव्या डोळ्याची खरी हकीकत मी चार वर्षं पोटात ठेवली आणि ती न ऐकताच तू गेलास. ती सांगायचीय.

आपली घरं बेळगावच्या खासबागेत पाठीला पाठ लावून. दोघांचे बाप मागावर कापड विणणारे. लहानपणी तू माझा दात पाडलास आणि मी तुझ्या डोक्यात वीट घातली, तुला चार टाके पडले. दोस्ती तिथनं सुरू झाली. पुढं तू जळक्या मोटारी बांधून द्यायचं दुकान घातलंस आणि मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट लागलो. शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटारी तुझ्याकडं बैलगाडीतनं यायच्या. दिवसभर तुझ्या दुकानात तांब्याची तार, वार्निशचा वास आणि तुझा आरडाओरडा.

मग तुझा मामेभाऊ आखातातनं दोन गाड्या घेऊन आला. हातभर लांबीच्या, विजेवर पळणाऱ्या, रिमोटच्या. एक त्यानं निपाणीच्या तंबाखूवाल्यांच्या पोराला दिली आणि एक तुला. तू पहिल्याच दिवशी तिची मोटार उकललीस.

"अरं लेका, चालती गाडी फोडलीस?" मी म्हटलं.

"वेढे मोजतोय. सत्तावीस हाईत. एवढ्या वेढ्यांनी काय पळनार, डोंबल?"

सत्तावीस उतरवून तू पंधरा घातलेस, जाड तारेचे. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी बांधणारे तुझे ते हात, आणि समोर अंगठ्याएवढं आर्मेचर, मोटारीतला तो फिरणारा गाभा. जीभ दातांत धरून, श्वास रोखून तू एकेक वेढा बसवत होतास. मी आयुष्यात तुला तेवढा वेळ गप बसलेला पुन्हा कधी बघितला नाही. गाडी गल्लीत सोडली तर डोळ्याला दिसेना. ती जाऊन दूधवाल्याच्या नडगीवर आदळली, त्याची किटली आडवी झाली, त्यानं तुझी गचांडी धरली, तू त्याची धरलीस आणि मधे पडून दोघांचा मार मी खाल्ला. तिकडं दीड मिनिटात गाडीचा जीव गेलेला. सेलांना हात लावला तर चटका बसला.

तिथनं आपला तो वाद सुरू झाला. वेढे कमी केले की मोटार जोरात फिरते, पण करंटही भसाभसा ओढते. गाडीचा पॅक सहा सेलांचा, बुटके, पुन्हा पुन्हा चार्ज होणारे सेल. सहातला एक जरी कमजोर असला तर तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे पाच त्याला उलटा तुडवतात. मग सगळाच पॅक बसतो. म्हणून मी एकेक सेल सुटा घ्यायचो, विजेच्या शेगडीच्या तारेचा तुकडा जोडून तो रिकामा करायचो, मीटरचा काटा किती मिनिटांनी खाली येतो ते वहीत लिहायचो. मामेभावानं पाठवलेले आणि मुंबईहून मागवलेले मिळून चाळीसेक सेल होते. त्यांतले एकसारखी मिनिटं टिकणारे सहा निवडायचे आणि त्यांचा पॅक बांधायचा. सहा भाऊ एका ताटात जेवतील असे सहा हवेत, मी म्हणायचो. तू म्हणायचास, "तुझ्या बापानं सहा भाऊ कवा एका ताटात जेवताना बघितलेत?"

शर्यत चार मिनिटांची असायची. तुला मोटारीत बारा वेढे हवेत, मला सतरा. माझं म्हणणं, मोटार आणि पॅक एकमेकांना झेपले पाहिजेत. बारा वेढ्यांची मोटार माझा चांगल्यातला चांगला पॅकसुद्धा अडीच मिनिटांत खाऊन टाकते.

"गाडी मोटार पळवती," तू म्हणायचास.

"गाडी सेल पळवतात."

"सेल म्हंजे खुराक. कुस्ती पैलवान मारतोय का खुराक मारतोय?"

"बिनखुराकाचा पैलवान उतरव की जाऊन तुझ्या आखाड्यात!"

मग हाताला येईल ते उडायचं. पक्कड, पाने, चहाचे पेले. एकदा तू ऐकलं नाहीस, बारा वेढ्यांची मोटार टेबलावर पूर्ण जोरात सोडलीस. आतलं तांबं सुटलं आणि तारेचा तुकडा माझा कान कापून भिंतीत बसला. रक्ताची धार लागली. तू आधी पोट धरून हसलास आणि मग अंगातला शर्ट काढून माझ्या डोक्याला बांधलास, इतका आवळून की माझे डोळे बाहेर यायची वेळ आली. "आता गप बस आनि मर नगंस," म्हणालास. तुझी माया असलीच होती, सोसणाऱ्याला जिवंत राहावं लागायचं.

रविवारी आपण निपाणीला जायचो. त्या तंबाखूवाल्यांच्या वखारीपुढलं ते सिमेंटचं अंगण आठवतं? सगळी माणसं शिंकतायत, नाकाला रुमाल लावतायत आणि मधनं दोन गाड्या किंचाळत पळतायत. वखारवाल्यांच्या पोराकडं परदेशातनं आलेले आयते जुळवलेले पॅक. आपल्याकडं तुझी मोटार आणि माझी वही. एकदा त्यांच्या माणसानं आपल्या गाडीवर मुद्दाम पाय दिला. तू त्याला कमरेत उचलून तंबाखूच्या बोदावर, गच्च भरलेल्या पोत्यावर आपटलास. तो मार खातोय आणि शिंकतोय, तू मारतोयस आणि शिंकतोयस. परत येताना बसमध्ये तुझा ओठ फाटलेला, माझा अंगठा सुजलेला, आणि आपण सगळी वाट खिदळत आलो. कंडक्टरनं कन्नडात शिव्या घातल्या, त्याही गोड लागल्या.

शांतीही यायची बरोबर. तुझी धाकटी बहीण, दहावीला, गणितात वर्गात पहिली. घड्याळ तिच्या हातात असायचं. ट्रकच्या बॅटरीला क्लिपा लावून आपण पॅक चार्ज करायचो, पंधरा मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. तिथं ती बसायची. तूच म्हणायचास, "घड्याळाला शांतीच पायजे. तू आनि मी दोघंबी चार मिनिटांची साडेतीन करनारी मानसं." खरंच होतं ते.

सतरा वेढ्यांनी आणि माझ्या पॅकनं आपण पहिली मोठी शर्यत मारली. तू मला खांद्यावर घेतलंस. मग वखारवाल्यांच्या पोरानं विचारलं, "कुनी बनवलं हे सगळं?" आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "म्या. ह्यो नुस्ता सेल मोजतोय." सगळे हसले. तूही हसलास. मी तुझ्या खांद्यावरच होतो अजून.

तो राग मला गिळता आला नाही, वसंता. दुकानात आल्यावर मी म्हटलं, माफी माग. तू म्हणालास, कशाची? वर पुढच्या शर्यतीला बाराच वेढे घालणार म्हणालास. मी म्हटलं, मग माझा पॅक मिळणार नाही. तू माझी वही उचललीस, सहा महिन्यांची मिनिटं लिहिलेली, आणि वार्निशच्या डब्यात बुडवलीस. माझ्या डोळ्यांसमोर. मी मोठा पाना फेकून मारला, तो तुझ्या खांद्यात बसला. तू माझा गळा धरून मला ड्रिल मशीनवर दाबलंस. मला खरंच वाटलं, आता संपलो. शांतीनं पाण्याची घागर आणून दोघांच्या डोक्यावर ओतली, कुत्र्यांची भांडणं सोडवतात तशी. "जावा दोघं बी मसनात!" म्हणाली.

चार दिवसांनी तू येऊन म्हणालास, "चल रं, निपानीला जायाचंय, पॅक बांध." माफी नाही, काही नाही. मी म्हटलं, बांधतो. सगळे सेल पुन्हा मोजून पॅक मी चांगलाच बांधला. सहा भाऊच होते ते. पण शुक्रवारी तू खानापूरला पंप बसवायला गेलतास. मी तुझ्या घरी जाऊन दुकानाची किल्ली मागितली. शांतीनंच दिली. आत जाऊन मी पॅकची चिकटपट्टी कापली, शेवटचा, सहावा सेल काढला आणि त्या जागी एक मेलेल्या पॅकमधला सेल घातला. निम्म्यावर बसणारा.

आईची शपथ, बारा वेढ्यांनी ती तशीही अडीच मिनिटांत बसली असती, पण तुझी गाडी दुसऱ्याच मिनिटाला सगळ्यांसमोर मरावी, एवढंच मला पाहिजे होतं. वखारवाल्यांचं पोरगं हसावं आणि तुला कळावं की नुस्ता सेल मोजणारा कोण असतो.

सेल मी निवडायचो, पण त्यांना कथिलाचे टाके तू घालायचास, आणि तुझा टाका नेहमी ढब्बू असायचा. पंपाच्या मोटारींची सवय, सांधा कसा भक्कम पाहिजे! सेलाच्या टोपीखाली बारीक भोक असतं, आत वायू झाला की तो तिथनं सुटतो, आणि तुझ्या डागानं ते बुजायचं. मग मी प्रत्येक टाक्यानंतर सुई फिरवून ते मोकळं करायचो. त्या दिवशी तुला कळू नये म्हणून मीही तुझ्यासारखाच ढब्बू डाग दिला. तेवढ्यात बाहेर कुणीतरी खोकलं. मी चिकटपट्टी गुंडाळली, पॅक होता तिथं ठेवला आणि पळालो. सुई फिरवायची राहिली.

आणि दुसरी गोष्ट मी विसरलो. मी, लॅबमध्ये पोरांना हेच दाखवणारा! कमजोर सेल रिकामा आधी होतो, तसा भरतोही आधी. बाकीचे पाच भरेपर्यंत तो भरून वर कोंबला जात राहतो आणि आत वायू साठतो.

निपाणीत त्या रविवारी ऊन मी म्हणत होतं. ट्रकची बॅटरी मांडली, क्लिपा लावल्या, शांती घड्याळ घेऊन उकिडवी बसली. मी शेजारी उभा. दहा मिनिटं झाली असतील, मी सहज वाकून पॅकला हात लावला. पाच कोमट होते आणि सहावा भाजत होता. वसंता, तेव्हा मला कळलं. त्याच क्षणी कळलं. मी म्हटलं, "ऊन लई हाय, सावलीला घेऊया का?" तू ओरडलास, "मधी लुडबुडू नगंस!" आणि मी गप बसलो. क्लिप ओढायला कितीसा वेळ लागतो? पण क्लिप ओढली असती तर का म्हणून विचारलं असतंस, आणि पट्टी उकलली असतीस. मी माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघत राहिलो. पाचच मिनिटं, मी स्वतःला सांगत होतो, पाच मिनिटांनी काय होतंय.

"अण्णा, पंधरा!" शांती म्हणाली.

तू वाकलास, डावा हात पुढं करून क्लिप उपटलीस, ठिणगी उडाली आणि सेल फुटला. बंदुकीसारखा आवाज झाला. टोपी कुठं गेली ती सापडलीच नाही. आतलं ते जळजळीत पाणी तुझ्या तोंडावर. तू आधी नुसता खाली बसलास आणि मग जे ओरडलास ते मला अजून लॅबमध्ये काचेचं भांडं पडलं तरी ऐकू येतं.

मी तुला केसाला धरून वखारीच्या हौदापाशी ओढत नेलं आणि नळ डोळ्यावर सोडला. तू बुक्क्या मारत होतास, लाथा मारत होतास, माझी एक बरगडी मोडली. मी सोडलं नाही. पापण्या बोटांनी फाकवून मी पाणी मारत राहिलो. पुढं बेळगावचे डॉक्टर म्हणाले, ह्यानं पाणी मारलं म्हणून उजवा डोळा वाचला. तुला जीपमध्ये घातलं तेवढ्यात तो पॅक मी उचलला आणि वखारीमागच्या विहिरीत टाकला. ते कुणी बघितलं नाही. सगळे शांतीवर ओरडत होते. पोरीनं वीस मिनिटं ठेवलं असणार, घड्याळावर लक्ष नव्हतं, पोरीच्या हातात असलं काम देतंय का कोण.

आठ दिवसांनी तू घरी आलास, डोळ्याला पट्टी. मी मोसंबी घेऊन आलतो. दारात पोचलो तर तू शांतीला समोर उभी केली होतीस.

"किती मिनिटं?"

"पंधरा, अण्णा."

तू खुंटीवरचा पंपाचा पट्टा काढलास. "किती?" "पंधरा." पुन्हा पट्टा. "किती?" "पंधरा, अण्णा, देवाशपथ." तुझी आई कोपऱ्यात बसून तोंडात पदर कोंबून रडत होती. सहा झाले, सात झाले. आठव्याला शांती म्हणाली, "ठाऊक न्हाय. चुकलं असंल माझं." तेव्हा तू पट्टा टाकलास आणि भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडलास. आणि मी काय केलं? मी पुढं होऊन म्हटलं, "सोड आता वसंता, ल्हान हाय ती." असं म्हटलं जणू माझ्याएवढा दयाळू माणूस खासबागेत दुसरा नाही. त्या वाक्याची मला आजही शिसारी येते.

महिन्यानं तू तिची शाळा बंद केलीस. "जिला घड्याळ कळत न्हाय तिला गणित काय करायचंय?" गेली चार वर्षं ती शेजारच्या मागावर सुताच्या कांड्या भरते. बोलत नाही कुणाशी. मी समोर दिसलो तर उठून आत जाते, आणि मला वाटायचं, लाजते.

तू मात्र मला देव करून ठेवलंस. "दत्त्या नसता तर दोन्ही गेलं असतं," दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचास. माझे बाबा शेवटच्या आजारात होते, रिक्षा मिळेना, तेव्हा तू त्यांना पाठुंगळीला मारून दवाखान्यात नेलंस. एका डोळ्यानं, ठेचकाळत, वाटेत आडवं येणाऱ्या प्रत्येकाला शिव्या घालत. दवाखान्यातल्या पोऱ्यानं खाट नाही म्हटलं तर त्याची कॉलर धरलीस. बाबा गेले तेव्हा माझ्याहून जास्त तू रडलास. मी तुझं हे सगळं घेत राहिलो. रोज संध्याकाळी ठरवून यायचो की आज सांगायचं. तू चहा मागवायचास आणि बारा वेढ्यांचं सुरू करायचास.

गेल्या महिन्यातसुद्धा म्हणालास, "त्या दिशी ती बया घड्याळ बघती तर बारा वेढ्यांनी आपून मारली असती शर्यत." मी म्हटलं, "न्हाय." तू म्हणालास, "व्हय." मी म्हटलं, "अडीच मिनिटांत बसली असती गाडी." तेवढंच बोललो. आणि ऐक, मेलास म्हणून मी बारा वेढे मान्य करणार नाही. सतराच बरोबर होते.

आता आज सकाळचं. नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. पलीकडच्या झाडावर दोन होते, बघत होते, पण खाली येईनात. सांब्र्याचे तुझे चुलते आप्पा हात जोडून म्हणाले, "तुझ्या आईला आमी संभाळतो." नाही. "दुकान मोडत न्हाय." नाही. ऊन चढलं, माणसं कंटाळली. मग आप्पाच म्हणाले, "पोरा, कुनावर राग हाय का तुझा?" आणि सगळ्यांच्या माना शांतीकडं वळल्या. ती आपली आपणच उठली, पुढं गेली, वाळूत डोकं टेकलं.

"अण्णा, माझंच चुकलं. घड्याळ बघाया मीच चुकले. माझ्यामुळं तुझा डोळा गेला, माझ्यामुळं तुला ट्रॅक्टर दिसला न्हाय. मीच मारलं तुला. आता राग सोड."

आणि कावळा आला. सरळ आला, पिंडाला चोच मारली.

"बघा," आप्पा म्हणाले. "राग हुताच." बायकांनी डोळे पुसले. सगळ्यांना हायसं वाटलं.

माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. मी हाताला लागला तो धोंडा उचलला आणि त्या कावळ्यावर हाणला. तो ओरडत उडाला, पिंड फुटला, भात वाळूत गेला. आप्पांनी माझ्या कानाखाली जाळ काढला. मी ओरडलो, खोटं आहे, कावळा खोटा, तुम्ही सगळे खोटे, सेल मी बदलला होता! आणि सगळं सांगितलं. किल्ली, चिकटपट्टी, डाग, विहीर, सगळं. मग तुझ्या भावकीनं मला घेतला. वाळूत पाडून तुडवला. खरं सांगू? चार वर्षांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. अजून मारा, म्हणत होतो.

"सोडा त्याला." शांतीनं एकेकाचा दंड धरून बाजूला ओढला. माझ्यापुढं उभी राहिली. "किती?"

"पंधरा," मी म्हटलं. "मी माझ्या घड्याळात बघत होतो. तू बरोबर होतीस."

ती नदीकडं वळली. मग म्हणाली, "मला ठाऊक हुतं. पट्टा खाताना बी ठाऊक हुतं. मग रोज उठून तुमी सगळ्यांनी म्हटलं, म्हटलं, तवा मलाच वाटाया लागलं, मला काटाच दिसला न्हाय."

मी तिच्या पायाशी वाकलो. तिनं पाय मागं घेतले.

"माझ्या पाया पडून काय करायचंय? अण्णाला सांग. त्यो मला खोटारडी समजून गेला."

"तो आता कुठं हाय शांते, कसा सांगू?"

"ते मला काय ठाऊक? तू शिकल्याला हाईस न्हवं? लिही. लिहून आन. मी वाचून बघनार हाय."

तिथनं उठून मी तसाच घरी आलो, वाळू अंगावरच होती, लिहायला बसलो. दुपारी कागद घेऊन तिच्याकडं गेलो. ती मागाशेजारी कांड्या भरत होती. हात पुसून तिनं उभ्यानंच सगळं वाचलं आणि कागद टराटरा फाडले.

"ह्यात तू निस्ता रडतोयस," म्हणाली. "अण्णाला तुझं रडं नगं हाय. कसं झालं ते सांग आनि किती मिनिटं झालती ते सांग. परत लिही."

हे परत लिहिलंय. पंधरा, वसंता. तुझ्या बहिणीनं बरोबर पंधरा मिनिटं बघितली होती.